प्रदेशाचे नाव आणि चवीची परीक्षा

नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीच्या आसपास सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. त्याच दिवसांत मुंबई, पुणे, नाशिक येथील हॉटेलांतून आणि मळ्यांतून वाइन चाखण्याचे समारंभ भरू लागतात. एका सायंकाळी फ्रान्सच्या दोन-तीन प्रांतांच्या वाइन, दुसऱ्या सायंकाळी इटली आणि ऑस्ट्रेलिया, त्यांच्या शेजारी दिंडोरी, अकलूज किंवा बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांची वाइन, असा बेत जाहीर होतो. घरभाडे, मुलांची फी आणि विम्याचा हप्ता यांची जुळवाजुळव महिन्याच्या पगारात करणाऱ्या वाचकाला हा सारा सुखवस्तूंचा चोचला वाटला तर नवल नाही. शिवाय मद्यपानाला उत्तेजन मिळू नये, असे आपल्या संविधानाचा ४७ वा अनुच्छेद सांगतो. त्या मताचा आदर राखूनच पुढील विवेचन करावयाचे आहे. प्रस्तुत लेख मद्यपानाच्या पुरस्कारासाठी लिहिलेला नाही.

परंतु या समारंभांत एक असा आर्थिक प्रश्न दडलेला आहे, की ज्याचा संबंध पेल्याशी कमी आणि शेतकऱ्याशी अधिक आहे. एखाद्या वस्तूला तिच्या प्रदेशाच्या नावामुळे जी जादा किंमत मिळते, ती नेमकी कशाबद्दल मिळते? गुणाबद्दल की केवळ नावाबद्दल? आणि ती अखेर कोणाच्या पदरात पडते? देवगडचा हापूस, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, सोलापूरची चादर, पैठणी या सर्वांना हाच प्रश्न लागू आहे. मात्र जगात या प्रश्नाचा सर्वांत जुना, सर्वांत कसून झालेला आणि रक्तही सांडलेला अभ्यास वाइनच्या बाबतीत झाला आहे. म्हणून तो समजून घेणे अगत्याचे आहे.

पॅरिसमधील एक दुपार

२४ मे १९७६ रोजी पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात स्टीव्हन स्पुरियर नावाच्या एका इंग्रज वाइन-विक्रेत्याने आपली अमेरिकन सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर हिच्या साहाय्याने एक चाखणी भरविली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी दोनशे वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रेंच जाणकारांच्या नजरेस आणाव्यात एवढाच मूळ हेतू होता. पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या सहा आणि फ्रान्समधील बर्गंडीच्या चार, तांबड्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या सहा आणि बोर्दोच्या चार, अशी मांडणी होती. ज्यांचे गुण धरले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच होते. त्यांत फ्रान्सच्या प्रदेशनाम-संस्थेचे महानिरीक्षक होते, वाइनविषयक प्रतिष्ठित नियतकालिकाच्या संपादिका होत्या, नामांकित उपाहारगृहांचे मालक होते आणि बर्गंडीतील सर्वांत मोलाच्या मळ्याचे एक भागीदारही होते. प्रत्येक वाइनला वीसपैकी गुण द्यावयाचे होते आणि बाटल्यांवरची नावे झाकलेली होती.

आपण शिक्षक मंडळी उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव येऊ देत नाही, फक्त आसन क्रमांक येऊ देतो. त्यातलाच हा प्रकार. नाव झाकले की वशिला झाकला जातो, आणि त्याचबरोबर परीक्षकाच्या मनातील पूर्वग्रहही झाकला जातो.

निकाल लागला तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची शातो माँतेलेना पहिली आली. तिच्यावर काम केलेला माइक ग्रगिच हा क्रोएशियात जन्मलेला, १९५८ मध्ये अमेरिकेत आलेला निर्वासित. तांबड्या वाइनमध्ये स्टॅग्ज लीप या मळ्याच्या १९७३ च्या वाइनने बोर्दोच्या सुप्रसिद्ध मूताँ-रोथशिल्डला मागे टाकले. ती वाइन तयार करणारा वॉरेन विनियार्स्की काही वर्षांपूर्वीपर्यंत शिकागो विद्यापीठात अध्यापन करीत होता. प्राध्यापकी सोडून तो द्राक्षांच्या मागे लागला होता. या चाखणीला वृत्तपत्रांच्या बाजूने हजर राहिलेला एकमेव प्रतिनिधी म्हणजे ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्या वृत्तानुसार एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाची वाइन चाखून आपण आता फ्रान्सला परतलो, असा उद्गार काढला होता.

या घटनेचे वर्णन बहुधा ‘नव्याने जुन्याला हरविले’ अशा थाटात केले जाते. निकालाचा तक्ता बारकाईने पाहिला तर चित्र इतके साधे राहत नाही. तांबड्या वाइनमध्ये पहिली कॅलिफोर्नियाची असली तरी दुसरी, तिसरी आणि चौथी बोर्दोची होती आणि तळाच्या चारही कॅलिफोर्नियाच्या होत्या. पहिल्या दोघींमधील अंतर वीस गुणांत नगण्य होते. म्हणजे एक प्रदेश जिंकला आणि दुसरा हरला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. सिद्ध झाले ते एवढेच की, दोन्ही प्रदेशांतील उत्तम माल एकाच पंगतीला बसण्याच्या योग्यतेचा आहे आणि नाव झाकल्यावर तो कोठला हे भल्याभल्यांनाही खात्रीने सांगता येत नाही. पण बाजाराच्या दृष्टीने ‘एवढेच’ हे फार मोठे होते. तोपर्यंत जे अंतर मातीत आहे असे समजले जात होते, त्यातील बराचसा भाग लौकिकात होता, ही गोष्ट उघडी पडली.

किंमत आधी की प्रत आधी?

या लौकिकाचा उगम पाहणे बोधप्रद आहे. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी करावयाची ठरली. हे काम दलालांकडे गेले. त्यांनी मुख्यतः बाजारभावाचा आधार घेतला. ज्या मळ्याच्या वाइनला वर्षानुवर्षे अधिक भाव मिळत आला तो पहिल्या वर्गात, त्याखालचा दुसऱ्यात, अशा रीतीने तांबड्या वाइनचे पाच वर्ग पाडण्यात आले. ही यादी आजही प्रमाण मानली जाते. पहिल्या वर्गात तिच्यात झालेला महत्त्वाचा बदल म्हणजे १९७३ मध्ये मूताँ-रोथशिल्डला मिळालेली बढती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील गंमत तत्काळ ध्यानात येईल. १८५५ मध्ये किमतीवरून प्रत ठरली आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या प्रतीवरून किंमत ठरत गेली. पहिल्या वर्गातील मळ्याला अधिक पैसा मिळतो, त्यातून तो अधिक चांगली पिंपे, अधिक मजूर आणि अधिक काळजी यांवर खर्च करू शकतो, म्हणून त्याची वाइन खरोखरीच चांगली होते. आपल्याकडे एखाद्या शाळेचा निकाल चांगला लागतो म्हणून हुशार मुले तिच्याकडे जातात आणि हुशार मुले गेल्यामुळे निकाल चांगला लागतो. तसेच हे चक्र आहे. ते खोटे नसते, परंतु त्याच्या बाहेर राहिलेल्याला आत शिरणे फार अवघड असते.

असे का व्हावे? वाइन ही विकत घेऊन, उघडून, चाखल्याखेरीज जिची प्रत कळत नाही अशी वस्तू आहे. विक्रेत्याला माहिती आहे आणि गिऱ्हाइकाला नाही, अशा बाजारात चांगल्या मालाला योग्य भाव मिळत नाही आणि हलका माल चांगल्याला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अशा बाजारात गिऱ्हाईक कोणत्या तरी खुणेचा आधार शोधते. प्रदेशाचे नाव ही त्यांतील सर्वांत जुनी खूण. आपण पेटीवर ‘देवगड’ वाचून आंब्याला जादा पैसे मोजतो, ते याच कारणाने. आणि दुसऱ्याच मुलखातला आंबा त्या पेटीत भरला जातो, तोही याच कारणाने.

परीक्षकांची परीक्षा

मग नाव झाकून घेतलेली चाखणी हा निर्णायक उपाय मानावा काय? तसेही म्हणता येत नाही. एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांकडून किती वेगवेगळे गुण पडू शकतात याचा अनुभव शिक्षकांना आहेच. पॅरिसच्या चाखणीतील त्याच तांबड्या वाइन १९८६ मध्ये पुन्हा चाखल्या गेल्या तेव्हा क्लो द्यु व्हाल ही पहिली आली. १९७६ मध्ये ती पहिल्या पाचांतही नव्हती. ३० वर्षांनी, २००६ मध्ये लंडन आणि नापा येथे पुन्हा चाखणी झाली, तेव्हा रिजची माँटे बेलो पहिली आली आणि पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या वाइननी घेतल्या. वाइन बाटलीत बदलत जाते हे खरे. तरीही पहिला क्रमांक ही किती निसरडी जागा आहे, हे यावरून दिसते. ऑर्ली ॲशेनफेल्टर आणि रिचर्ड क्वान्ट या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ च्या गुणतक्त्याची संख्याशास्त्रीय छाननी केली. अशा गुणांची नुसती सरासरी काढून क्रमांक लावणे कितपत योग्य, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य-मेळ्यातील परीक्षकांची २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली तपासणी तर अधिकच झोंबणारी आहे. एकाच बाटलीतील वाइन त्यांना न सांगता तीन वेळा देण्यात आली. आपल्याच पहिल्या गुणांशी सुसंगत गुण देणारे परीक्षक सुमारे दहा टक्केच निघाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक चाखण्यांची नोंद होती. नाव आणि किंमत दोन्ही झाकली असता सामान्य माणसाला महाग वाइन अधिक आवडते असे त्यात आढळले नाही. उलट ती किंचित कमीच आवडली. फ्रान्समधील संशोधकांनी २००१ मध्ये पांढऱ्या वाइनला चवहीन तांबडा रंग देऊन ती बोर्दोच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले.

याचा अर्थ चव हा सारा भ्रम आहे, असा काढणे चुकीचे ठरेल. ॲशेनफेल्टर यांनीच दाखविले की, बोर्दोतील एखाद्या वर्षाची वाइन पुढे किती भाव खाईल याचा अंदाज त्या वर्षाच्या हवामानावरून बऱ्याच अचूकपणे बांधता येतो. आधीच्या हिवाळ्यात भरपूर पाऊस, वाढीच्या काळात उष्मा आणि तोडणीपूर्वी कोरडी हवा, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. म्हणजे माती, पाऊस आणि ऊन यांचा परिणाम खरा आहे. प्रदेश खरा आहे. शंका घ्यावयाची ती त्या प्रदेशाच्या नावावर चढलेल्या किमतीच्या प्रत्येक रुपयाबद्दल. आणि परीक्षक चुकतात म्हणून परीक्षाच बंद करावी, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. तो परीक्षक वाढवील, फेरतपासणी ठेवील आणि गुण जाहीर करील.

कॅलिफोर्नियाच्या यशामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती आपण विसरता कामा नये. अमेरिकेत १९२० ते १९३३ पर्यंत संपूर्ण दारूबंदी होती. त्या काळात तेथील वाइनचा धंदा जवळजवळ बुडाला. तो पुन्हा उभा राहिला त्यात डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या द्राक्षविभागाचा वाटा फार मोठा आहे. तेथील ॲमरिन आणि विंकलर या दोघा प्राध्यापकांनी १९४४ मध्ये उष्णतेच्या बेरजेवरून राज्याचे पाच हवामान-विभाग पाडले आणि कोठे कोणती जात लावावी याला शास्त्राचा आधार दिला. १९७६ मधील त्या दुपारी पेल्यात जे उतरले, त्यात तीस-चाळीस वर्षांची प्रयोगशाळाही होती.

नाव कायद्यात कसे आले

फ्रान्सने आपल्या प्रदेशांची नावे कायद्याने बांधून घेतली ती उच्चभ्रू रसिकतेपोटी नव्हे. त्यामागे मळेवाल्यांची उपासमार होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. तुटवडा भरून काढण्यासाठी मनुकांपासून, साखर आणि पाणी मिसळून, बाहेरचा माल आणून वाइन बनविली जाऊ लागली आणि ती जुन्याच नावांनी विकली गेली. मळे पुन्हा उभे राहिले तेव्हा भाव कोसळले होते. १९०७ साली दक्षिण फ्रान्समध्ये मळेवाल्यांचा प्रचंड उठाव झाला. माँपेलिएच्या सभेला लाखो लोक जमले, नार्बोन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली, आणि ज्या तुकडीत त्याच भागातील शेतकऱ्यांची मुले होती तिने बंड केले. १९११ मध्ये शॅम्पेन प्रांतात पुन्हा आग भडकली. बाहेरची द्राक्षे आणून शॅम्पेनच्या नावाने वाइन विकणाऱ्या व्यापाऱ्यांची तळघरे मळेवाल्यांनी फोडली. प्रांताची हद्द आखताना ओब जिल्हा वगळला गेला, तेव्हा तिकडचे शेतकरी रस्त्यावर आले. हा वाद मिटण्यास १९२७ साल उजाडावे लागले.

या साऱ्यातून १९३५ चा कायदा आला आणि नावांचे रक्षण करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने केवळ नकाशावर रेघ ओढली नाही. कोणत्या जाती लावावयाच्या, हेक्टरी किती उत्पन्न घ्यावयाचे, छाटणी कशी करावयाची, याचे नियम प्रत्येक नावासाठी घातले गेले. शॅम्पेनमध्ये १९४१ पासून मळेवाले आणि कंपन्या यांची समान प्रतिनिधित्व असलेली समिती काम करते, आणि द्राक्षाचा भाव कित्येक वर्षे तिच्या विद्यमाने वाटाघाटींनी ठरत असे. नाव ही त्या मुलखातील सर्वांची सामाईक मालमत्ता आहे आणि तिचे उत्पन्न मळ्यापर्यंत पोचले पाहिजे, हे तत्त्व तेथे संघर्षातून मान्य झाले.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात वाइन आणि मद्ये यांच्या प्रदेशनामांना इतर मालापेक्षा अधिक कडक संरक्षण आहे, तेही याच इतिहासाचे फळ. तसेच संरक्षण बासमती, दार्जिलिंग चहा यांसारख्या मालालाही मिळावे, अशी भारताची जुनी मागणी आहे.

नाशिकचे नाव कोणाचे?

आता आपल्या घरी येऊ. भौगोलिक निर्देशनाचा आपला कायदा १९९९ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याखालील पहिली नोंद दार्जिलिंग चहाची. ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे नाव २०१०-११ या वर्षी नोंदले गेले. त्याआधी २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून वाइनला इतर मद्यांपासून वेगळे मानले, सवलती दिल्या आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची योजना आखली. कारखाने निघाले, आणि खाण्याच्या द्राक्षांत नाव कमावलेल्या अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या.

येथे एक मूलभूत फरक ध्यानात घेतला पाहिजे. खाण्याची द्राक्षे पिकविणाऱ्याला अनेक वाटा मोकळ्या असतात. बाजारपेठ आहे, निर्यात आहे आणि काहीच नाही तर बेदाणा आहे. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया. तो पाटीत घालून बाजारात बसता येत नाही. त्याचे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे कारखाना. वेल लावल्यावर पीक हाती येण्यास दोन-तीन वर्षे जातात आणि लावलेला वेल दुसऱ्या कामाचा नसतो. अशा स्थितीत भाव ठरविण्याची शक्ती साहजिकच खरेदीदाराकडे झुकते. उसाला निदान केंद्राने ठरविलेला रास्त आणि किफायतशीर भाव आहे. वाइनच्या द्राक्षाला असे काहीही नाही. शेतकऱ्याच्या हातात असतो तो फक्त करार, आणि त्यातील भाव जातीवर व साखरेच्या प्रमाणावर ठरतो.

याची किंमत शेतकऱ्यांनी मोजली आहे. २००८-०९ च्या जागतिक मंदीत आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटन घटले, हॉटेलांतील खप घटला, कारखान्यांच्या टाक्यांत माल पडून राहिला. द्राक्षे उचलली गेली नाहीत, उचललेल्यांचे पैसे थकले, आणि अनेकांनी वाइनच्या जातींचे वेल उपटून पुन्हा खाण्याच्या जाती लावल्या. त्यानंतर थोड्याच काळाने ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे नाव नोंदणीपुस्तकात आले. नावाला कायद्याचे छत्र मिळाले, पण त्या नावाखाली उभ्या असलेल्या वेलाला मिळाले नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपर बाजार आणि मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हे कारण पुढे करण्यात आले होते. त्यावर मोठा वाद झाला. समर्थक खप वाढेल म्हणत होते, विरोधक व्यसन वाढेल म्हणत होते. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात एक प्रश्न मात्र क्वचितच ऐकू आला. बाटलीच्या किमतीतील किती हिस्सा द्राक्षाला मिळतो आणि तो कोण ठरवितो? खप दुप्पट झाला आणि ठरविणारा तोच राहिला, तर शेतकऱ्याच्या पदरात त्या वाढीचे काय पडेल हे सांगता येत नाही.

परीक्षा आपलीच हवी

ही चर्चा लांबणीवर टाकण्याजोगी राहिलेली नाही. २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या व्यापार करारानुसार किमान पाच डॉलर आयात किमतीच्या बाटलीवरील शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते ५० टक्क्यांपर्यंत उतरावयाचे आहे. किमान १५ डॉलरच्या बाटलीसाठी सुरुवात ७५ टक्क्यांची आणि शेवट २५ टक्क्यांचा आहे. म्हणजे यापुढील प्रत्येक हंगामात चाखणीच्या मेजावर परदेशी बाटली अधिक स्वस्त होऊन नाशिकच्या बाटलीशेजारी बसणार. शुल्काच्या भिंतीआड मिळालेली सवड संपत चालली आहे.

अशा वेळी काय करावे? पहिली गोष्ट, दुसऱ्याच्या अभ्यासक्रमावर आपली परीक्षा देणे थांबवावे. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या अखेरीची दुसरी छाटणी अशा दोन छाटण्यांनंतर ती ऐन थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उतरतात. शेनिन ब्लांक, सोव्हिन्यो ब्लांक, शिराझ या जाती या हवेत काय रूप घेतात, त्याचे वर्णन आणि त्याचे मानदंड येथेच तयार झाले पाहिजेत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघासारखी अनुभवी संस्था आहे, कृषी विद्यापीठे आहेत. डेव्हिसने कॅलिफोर्नियासाठी जे केले, ते करण्याची साधने आपल्याजवळ अगदीच नाहीत असे नव्हे.

दुसरी गोष्ट, दरवर्षी नाव झाकून एक जाहीर परीक्षा घेतली जावी. तिच्यात नाशिक, सोलापूर, सांगली, कर्नाटक आणि बाहेरचे देश यांच्या वाइन क्रमांकाखाली एकत्र याव्यात. परीक्षकांत जाणकार असावेत आणि सामान्य गिऱ्हाईकही असावे. तोच नमुना न सांगता दोनदा देऊन परीक्षकांचीही परीक्षा व्हावी. आणि सर्व गुण, नुसते पहिले तीन क्रमांक नव्हेत, प्रसिद्ध व्हावेत. कंपन्यांनी भरविलेल्या चाखण्या म्हणजे अखेर जाहिरातच. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, परंतु त्यांना परीक्षा समजण्याचेही कारण नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नावाच्या मालकीची. आपल्या कायद्यात नावाच्या नोंदणीकृत धारकाबरोबरच ‘अधिकृत वापरकर्ता’ अशी तरतूद आहे. द्राक्ष पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्या गटांना या व्यवस्थेत मानाचे स्थान मिळावे. लागवडीपूर्वीच भावाचे सूत्र जाहीर व्हावे, ते ठरविणाऱ्या समितीत शेतकरी आणि कारखानदार समान संख्येने असावेत आणि तंट्यासाठी तिऱ्हाईत लवाद असावा. यात समाजवादी स्वप्नरंजन काही नाही. शॅम्पेनसारख्या पक्क्या व्यापारी मुलखाने आठ दशकांपूर्वी स्वीकारलेला मार्ग तो हाच.

ज्यांना वाइन हा विषयच नकोसा वाटतो त्यांनी येथे हापूस किंवा हळद हा शब्द घालून पाहावा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, तरी वाशीच्या बाजारात पेटीवरचे नाव आणि पेटीतला आंबा यांचा मेळ पाहणारी यंत्रणा कोठे आहे, हा प्रश्न बागायतदार आजही विचारतात. नोंदणी ही नावाची केवळ जन्मनोंद होय. ते नाव टिकते शिस्तीवर, वाढते परीक्षेवर आणि सार्थ ठरते ते त्याचे उत्पन्न पिकविणाऱ्याच्या घरी गेल्यावर.

येत्या हंगामातील चाखण्यांत बाटल्यांवरील आवरणे काढली जातील तेव्हा नाशिकचा क्रमांक कितवा, याची बातमी होईल. त्या बातमीबरोबर आणखी एक आकडा छापला जावा, अशी वाचकांनी मागणी करावी. त्या वर्षी दिंडोरीच्या किंवा निफाडच्या शेतकऱ्याला किलोमागे काय भाव मिळाला आणि तो वेळेवर मिळाला की नाही, हा तो आकडा. प्रदेशाच्या नावाची खरी परीक्षा त्यावरूनच होईल.